कोरड्या कागदावरच्या अकरा बादल्या

तीर्थस्वरूप मामांना,

कमरेतून वाकून नमस्कार (वाकताना कमरेतून आवाज आला, तोही नमस्कारातच धरावा). आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? चष्म्याची काडी अजून तारेनेच बांधलेली आहे ना? विचारायचं कारण असं, की तुमच्या समोरच्या शिंपीकाकांचा फोन आला होता. दुकान बंद केल्यापासून तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसता आणि कुणी हाक मारली तर दुसरीकडे बघता, असं ते सांगत होते. मी म्हटलं, विश्रांती घेत असतील. त्यावर ते म्हणाले, विश्रांती घेणारा माणूस असा दिसत नाही. तेव्हापासून तुमच्या सूनबाईंना, म्हणजे आमच्या हिला, घास गोड लागत नाही. मलाही नाही, पण मी जेवतो.

आता एक कबुली द्यायची आहे, तेव्हा आधी पाणी प्या. दुकान आवरताना तुम्ही टेम्पोतून तीन पोती पाठवलीत आणि सोबत चिठ्ठी दिलीत, की हे सगळं भंगारात घाल, माझ्याच्याने होत नाही. मी ‘घातलं’ म्हणून कळवलं. मामा, नाही घातलं. पोती उघडली तर आत काचा नसलेले कंदील, एक भलीमोठी चाळण, एक पत्र्याची ट्रंक आणि अकरा बादल्या. लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि परत न्यायला न आलेल्या, कारण तोवर घरोघरी प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या होत्या. कुणी फिरकणार नाही हे ठाऊक असूनही तुम्ही प्रत्येक बादली, भोक बुजवून, कथलाने झाळून, घासूनपुसून ठेवली होती. हे भंगारात घालायचं कसं? मी आणि सूनबाई बराच वेळ त्या ढिगासमोर उभे राहिलो. तेवढ्यात कन्या कॉलेजातून आली. शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’मध्ये तिला नेहमी पैकीच्या पैकी गुण असत (काडेपेट्यांचा सोफा आठवतो का? तुम्ही त्यावर चहाचा कप ठेवला होतात). ती म्हणाली, बाबा, याच्यातून घर सजवू, मागच्या दारी बाग करू. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो पडायला नको होता, हे पुढे कळलं.

पहिला मान चाळणीला दिला. तिच्यात दिवा बसवून ती जेवणाच्या टेबलावर उलटी टांगली. भिंतीवर, छतावर, ताटात, सगळीकडे ठिपकेच ठिपके. कन्या खूश, मी खूश. मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाईंनी मात्र दोन घास घेऊन ताट सरकवलं, भातात खडे आहेत म्हणाल्या. खडे नाहीत, हे पटवायला आम्ही भात चिवडून दाखवला, तर खडे भाताबरोबर हलेनात, म्हणून त्या आणखी घाबरल्या. जिने जन्मभर लोकांचे खडे काढले तीच चाळण आता खडे घालते आहे, असा शेरा सूनबाईंनी मारला आणि ती उतरवली. मग ट्रंकेवर गादी घालून बैठक केली. नेमके त्याच आठवड्यात आमचे साहेब घरी आले आणि तिच्यावर बसले. ट्रंकेचं झाकण मध्ये दबलं की ‘ढब्’ असं बोलतं, हे तुम्हाला माहीत असेल, मला नव्हतं. साहेब जरा सरकले की ट्रंक बोले. साहेब ओशाळून आणखी सरकत, ट्रंक आणखी बोले. आम्ही सगळे सुसंस्कृतपणे खिडकीबाहेर बघत राहिलो. साहेब चहा अर्धा टाकून गेले आणि तेव्हापासून ऑफिसात माझ्याकडे बघायचं टाळतात.

पण खरी कहाणी बादल्यांची. कन्येने प्रत्येक बादलीच्या बुडावर खडूने फुली मारून दिली, की इथे भोक पाडा, मग माती घाला, रोप लावा. मी हातोडी घेतली, खिळा घेतला, पहिली बादली पालथी घातली. आणि मामा, बुडावर तुमचं ठिगळ दिसलं, नखाएवढं, गोल, काठ बोटाला लागणार नाही असा घोटलेला. गिऱ्हाइकाच्या हातात बादली द्यायच्या आधी तुम्ही ती काठोकाठ भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचात आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून घ्यायचात. कागद कोरडा राहिला तर बादली न्यायची, एक थेंब दिसला तर काम पहिल्यापासून. तुमचं सगळं आयुष्य भोकं बुजवण्यात गेलं आणि ती पाडायची मी? हात वरच राहिला. अकराच्या अकरा बादल्यांना मी खिळा लावला नाही. तशीच माती भरली, मिरची, टोमॅटो, वांगी, झेंडू लावले आणि तुमच्या दुकानात लागलेल्या जुन्या सवयीने प्रत्येकीखाली वर्तमानपत्रही अंथरलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सकाळी सूनबाई पाणी घालायच्या, दुपारी कन्या, संध्याकाळी मी. दुसऱ्यांनी घातलं असेल असं तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही (आमच्या घरात एकमेकांवर एवढाच विश्वास आहे). पंधरा दिवसांत दहा बादल्यांचं तळं झालं (अकरावीचं नंतर सांगतो). वांगी कुजली, झेंडूने मान टाकली, टोमॅटोच्या बादलीत एक बेडूक राहायला आला. आणि खालचे कागद? ठणठणीत कोरडे. मी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं गळतीच्या तक्रारी लिहून घेतो आहे. काही गळत नाही ही तक्रार पहिल्यांदा आली, तीही माझ्याच घरून.

डास वाढले तसा सूनबाईंनी निर्वाणीचा इशारा दिला, की रविवारपर्यंत भोकं पाडा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते. आणि बोलावला. त्याने एका बादलीतला चिखल ओतला, ती धुतली, पालथी घालून ठिगळावर अंगठा फिरवला आणि विचारलं, हे काम कुणी केलं? मी अभिमानाने म्हटलं, माझ्या मामांनी. बाकीच्या मागाहून नेतो म्हणाला आणि ती एक घरी वापरायला मागू लागला. मी एकही दिली नाही. असं काम करणारं कुणी आमच्या घरात राहत असतं, तर मी त्याला उगाच दाराशी बसू दिलं नसतं.

तर एवढीच हकिकत. माझं काही मागणं नाही. तुम्ही यावं असं मी मुळीच म्हणत नाही, कारण कामाशिवाय कुणाच्या घरी बसून खायचं नाही हा तुमचा बाणा मला ठाऊक आहे. फक्त आठवण येते, ती लिहिली. प्रकृतीला जपा, शिंपीकाकांच्या हाकेला ओ देत जा.

अजून तरी तुमचाच,
भाचा

ता. क. – येणार नाही आहातच, पण चुकून आलात तर ती लाकडी मुठीची बारीक छिन्नी आणा. तुमच्या कामाला भोक पाडायचंच असेल, तर ते तुमच्याच हाताने पाडलेलं बरं.

ता. क. २ – वरची खोली झाडून ठेवली आहे. खिडकीखाली लाकडी फळी ठोकली आहे, उजेड डावीकडून येतो, तुम्हाला लागतो तसा. हे आपलं सहज.

ता. क. ३ – अकराव्या बादलीत मिरची आहे आणि ती जोमात आहे. कारण मामा, तिच्याखालचा कागद ओला आहे. म्हणजे तुमचं एक काम गळतं. मी अजून कुणाला बोललो नाही. येऊन खुलासा करावा.

ता. क. ४ (हे मी, सूनबाई लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय.) – मामा, नमस्कार. ते भोक ह्यांनीच पाडलंय, मागचं दार ओढून घेऊन. मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही प्रेमाने येणार नाही, चिडून तरी याल, असा त्यांचा हिशेब. एवढं एक भोक पाडायला ह्यांना पाऊण तास लागला, तीन खिळे वाकले, आणि नंतर तिथेच पायरीवर बसून डोळे पुसत होते. अजून दहा बादल्या आहेत. ह्यांच्याच्याने होणार नाही.