अपत्यं किती?

१९ ऑगस्ट
सरपंचपदाची सोडत निघाली. आपल्या गावाला 'महिला'. हे तोंड पाडून घरी आले, चपला न काढता खाटेवर आडवे. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "एवढी टर्म संपू दे, मग गौरीला घरी आणू," हा शब्द ह्यांचाच. पुरुषाला उभंच राहता येणार नाही म्हटल्यावर आता कसली टर्म न् कसलं काय!
संध्याकाळी शेंगापोळ्या केल्या. शेजारच्या चार घरी देऊन आले. कशाबद्दल विचारलं, तर नुसती हसले.

२० ऑगस्ट
पोळ्यांनीच घात केला. सकाळपासून ओसरीवर पॅनेलची माणसं. "वैनी तयारच हायत की! काल गोड वाटलं त्यांनी." हे मान डोलावतायत. मला कुणी विचारलं नाही. चहा तेवढा माझ्याकडे मागितला, दोनदा.
माणसं गेल्यावर म्हटलं, "आणि गौरीचं काय?"
"कोण गौरी? अक्काची पोरगी?"
घरात दोघंच होतो, तरी असं बोलले.

४ सप्टें.
कुठेतरी एकदा लिहून ठेवावंच. सरपंचाला तिसरं मूल झालं की पद जातं, कायदाच आहे. श्रुती-मंजूनंतर मी थांबले होते. हे सरपंच झाले आणि ह्यांना मुलगा हवा झाला. "मुलगा झाला तर खुर्चीवर पाणी सोडतो." पोट दिसायच्या आत मला अक्कलकोटला अक्कांकडे पाठवलं. ह्यांची थोरली बहीण, मूलबाळ नाही. गावात सांगितलं, सुरेखाच्या पाठीचं औषध चालू आहे.
मुलगी झाली. खुर्ची राहिली.
दवाखान्यात मला अक्कांच्याच नावाने दाखल केलं होतं, त्यामुळे जन्मदाखल्यावर आई त्या. दीड महिना पाजलं. मग गोळ्या घेऊन दूध आटवलं आणि एसटीने घरी आले. बायका अजून विचारतात, "पाठ कशी हाय गं?"
गौरी मला मामी म्हणते.

२१ सप्टें.
बॅनरच्या फोटोसाठी सोलापूर. उमेदवार मी, पण चेहरा मोठा ह्यांचा. मी कोपऱ्यात, हात जोडून. खाली लिहिणार: सुशिक्षित उमेदवार, छोटं कुटुंब. दोन्ही बाजूंना श्रुती आणि मंजू. फोटोवाला म्हणतो, "ताई, जरा हसा की."
बाहेर आल्यावर श्रुती कानाशी आली. "गौरी न्हवती फोटोत." अकरा वर्षांची आहे, तिला सगळं आठवतं. मी तिला चिमटा काढून गप्प बसवलं. सुशिक्षित उमेदवार!

२ ऑक्टो.
ग्रामसभा. हे महिलांच्या हक्कावर अर्धा तास बोलले. मुलगी म्हणजे लक्ष्मी, बाईच्या हातात कारभार आला पाहिजे वगैरे. टाळ्या. मग कुणीतरी म्हणालं, वैनींना बोलू द्या. हे म्हणाले, तिचा घसा बसलाय.
घसा चांगला होता. मीही बसून राहिले.

१४ ऑक्टो.
ह्यांना न सांगता अक्कलकोटला गेले. ठरवून गेले होते, उभी राहत नाही, माझी पोर मला द्या म्हणायचं. गौरीला ताप. कपाळावर हात ठेवला तर तिने झटकला. "अव्वा पाहिजे." अव्वा म्हणजे अक्का. पुढे कानडीत काय काय बोलली, निम्मं मला कळलंच नाही. माझ्या पोटची पोर आणि मला तिची भाषा येत नाही.
तिला झोपवून अक्का माझ्याजवळ बसल्या. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "सुरेखा, तू उभी ऱ्हा. दोनच पोरी म्हणून लिहून दे एकदा. दार वाजलं की भ्या वाटतंय गं मला, न्ह्यायला आलीस का काय म्हणून."
ह्याच बाईला सासरी पंधरा वर्षं वांझ म्हणून हिणवलं. मला माहीत आहे. तरी त्यांचा राग आला, खोटं कशाला लिहू. त्यांनी पोरीला इतकं चांगलं सांभाळलंय, त्याचाच जास्त आला.
तशीच परत आले. येताना त्यांनी खारी आणि चटणीची पुडी दिली. पाहुणीला देतात तशी.

२ डिसें.
अर्ज भरला. दोन अपत्यं, खाली माझी सही. हे बोट दाखवतील तिथे करत गेले.

३ डिसें.
समोरच्या पॅनेलची हरकत आली, तिसरं मूल लपवलंय म्हणून. उद्या छाननीत साहेब मला समोर उभं करून विचारणार.
ह्यांनी दिवसभर घोकून घेतलं. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, मागून आवाज: "अपत्यं किती?" मी म्हणायचं, दोन. "मोठ्यानं म्हण की." दोन. शेवटी म्हटलं, आणि मी खरंच सांगितलं तर? हे अगदी शांतपणे म्हणाले, "तर मग अक्कावर केस हुईल, खोट्या दाखल्याची. पोर कुटं जाईल ते तूच बघ." कायदा मोडायचा ह्यांनी, निस्तरायचं दोन बायकांनी.
दुपारी अक्का गौरीला घेऊन आल्या. ह्यांनीच बोलावलंय. लोकांना दिसू दे म्हणे, पोर आईच्या कडेवर.
गौरीला हा प्रश्नांचा खेळ फार आवडला. ह्यांचा चष्मा लावून ओट्यावर बसली, साहेब झाली. एकेकाला पुढे बोलावते. "बाई, पोरी किती तुला?" मंजू म्हणाली, शंभर. सगळे हसले. श्रुती माझ्याकडे बघून उठून गेली. अक्का लगेच म्हणाल्या, "एक. तूच की गं." गौरी खूश झाली.
मग मला. "मामी, पोरी किती तुला?"
हे दारात उभे. अक्कांनी पदर तोंडाला लावलेला.
"मामी, सांग की! तुझंच राहिलंय."
चुलीवर दूध आहे म्हणून उठले. नव्हतं.
उद्या अकराला छाननी. साडी काढून ठेवली आहे. गौरी अजून चष्मा लावून फिरतेय, माझ्या उत्तरासाठी थांबलीय.