कॅमेऱ्यावरचं प्लास्टिक

प्रिय दादा,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग तरी सुरू होते, नाहीतर रेंज तरी जाते. म्हणून लिहायला बसले आहे. आईची तब्येत कशी आहे हे तू या महिन्यात विचारलेलं नाहीस, तरी सांगते. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी काय बजावलं होतं, ते तू समोर उभं राहून ऐकलं होतंस. रोज चालवा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. आता ती पलंगापासून बाथरूमपर्यंत जाते, तेही भिंत धरून, आणि परत आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी चालवायला गेले तर म्हणते, तू दमून आली आहेस, राहू दे. मी काही तेवढी दमलेली नसते. तिला माझ्याबरोबर चालायचं नसतं, एवढंच.

तिला चालवायचा तो आपला धाकटा, बारक्या. सहा फूट वाढला तरी आपल्यासाठी बारक्याच. गॅरेजमधून सुटून आला की हात घासून घासून धुवायचा, तरी नखांतलं काळं तसंच, आणि आईला हाताला धरून उठवायचा. त्याचा डावा खांदा पडका आहे ना, तो आईच्या हाताला बरोबर उंचीला येतो. त्यावर हात टाकून ती अंगणात फेऱ्या मारायची, फाटकापासून टाकीपर्यंत आणि परत. हा तिला गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा, ती हसायची, आणि हसण्याच्या नादात एखादी फेरी जास्तच व्हायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. ऑपरेशननंतर या घरात काही बरं चाललं असेल तर तेवढंच.

मग पाण्याची मोटार चोरीला गेली. त्याआधी तू येऊन स्वतःच्या हाताने कॅमेरा बसवून गेला होतास, दारावर, छपराच्या पांढऱ्या पट्टीखाली. आता माशी शिरली तरी मला तिकडे कळेल, असं म्हणाला होतास. पण त्या रात्रीच्या व्हिडिओत होतं काय, दादा? पांढरं धुकं, आणि त्या धुक्यात हलणारं काहीतरी उंच, एका बाजूला कललेलं. तोंड नाही, कपड्यांचा पत्ता नाही. सकाळी तू फोन केलास, स्पीकरवर टाकायला सांगितलंस आणि आईच्या देखत म्हणालास, "खांदा बघा, चालणं बघा. घरचाच आहे. यापुढे त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही." कुलूप बदलायला लावलंस. घर तुझ्या नावावर, आम्ही काय बोलणार? एकदा तो फाटकाबाहेरूनच आईची औषधं द्यायला आला, तर तुझ्या मोबाइलवर घंटी वाजली आणि लगेच तुझा फोन. त्यानंतर तो या रस्त्याला फिरकला नाही, आणि आईच्या फेऱ्या बंद झाल्या त्या झाल्याच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आपल्याच अंगणात बघितलं.

बारक्या काही संन्यासी नाही, हे मलाही कबूल आहे. बाबांचा रेडिओ त्याने गहाण टाकला होता. पण स्वतःच सोडवूनही आणला आणि बाबांचा मार मुकाट खाल्ला. तेव्हा त्याला जेमतेम मिसरूड फुटलं होतं, आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आलेत. पण एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. आणि खांद्याचं म्हणशील, तर तो खांदा कशाने पडला ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुझा चेंडू शेजारच्यांच्या पत्र्यावर गेला आणि तू त्याला खालून ढकलून वर चढवलंस. हाड मोडलं, ते पुन्हा नीट बसलंच नाही. बाबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मीच चढलो. आजही कुणी विचारलं तर तेच सांगतो. त्याच खांद्यावरून तू त्याला चोर ठरवलंस. मला हे सहन होत नाही, दादा, म्हणून उघड लिहिते आहे.

मी ठरवलं, रात्रीचं चित्र स्वच्छ करायचं. नवी मोटार बसली होतीच, आणि एकदा चटावलेला चोर पुन्हा येतो म्हणतात. तो बारक्या नव्हे हे तुला तुझ्याच कॅमेऱ्यातून दाखवायचं, म्हणजे तू त्याला घरात घेशील आणि आई पुन्हा अंगणात उतरेल, असा माझा हिशेब. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून मी लोकांना विचारते, आता स्पष्ट दिसतंय का? मग घरचा कॅमेरा काय चीज आहे! शिडी लावली, दुकानातला फवारा आणि मऊ फडकं आणून कॅमेरा लखलखीत पुसला. रात्री पाहिलं तर तेच धुकं. मग कोळ्याचं जाळं काढलं. दुसऱ्या दिवशी कोळी पुन्हा हजर, त्याचंही घर तिथेच. शेवटी कॅमेऱ्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, अंधारात कॅमेरा स्वतःचाच एक दिवा लावतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा उजेड जवळच्या पांढऱ्या पट्टीवर आपटून परत कॅमेऱ्यातच शिरतो. तोंड जरा खाली वळवा. वळवलं. उजेड कमी असला की हलणारा माणूस फरफटल्यासारखा दिसतो, म्हणून फाटकाशी बाजूने एक दिवा लावा. लावला. सेटिंग बदलायला तुला कळवलं, कारण माझ्या मोबाइलवर नुसतं बघता येतं, पासवर्ड तुझ्याकडे. तू लिहिलंस, "उगाच खुडबुड करू नकोस."

तरी धुकं काही हटेना. पुन्हा फोन केला तर दुकानदार विचारतो, ताई, वरचं प्लास्टिक काढलंय ना? मला असा राग आला! म्हटलं, आम्ही काय अडाणी वाटलो तुम्हाला? फोन आपटला, शिडीवर चढले, नखाने कड खरवडली आणि अख्खा पापुद्रा हातात आला. दादा, तू ते काढलंच नव्हतंस! इतके दिवस मी प्लास्टिकच पुसत होते. शिडीवर एकटीच पोट धरून हसले. अरे, आपल्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कधी कुणी काढलंय? बाबांनी फ्रिजचं काढू दिलं नाही, स्कूटरच्या सीटचं नाही, सोफा बसलं की चुरचुरायचा तरी त्याचंही नाही. टीव्हीचा रिमोट तर अजून पिशवीतच आहे. वस्तू नवी राहते म्हणे! शेवटी तूही बाबांचाच मुलगा. दिवसा त्यातून भागून जायचं, रात्री कॅमेऱ्याचा उजेड त्याच पापुद्र्यात पसरून सगळं पांढरंफटक व्हायचं. मग माझं हसू विरलं. असल्या पापुद्र्याआडून बघून तू सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं होतंस.

आणि चोर खरंच आला. चित्र असं स्वच्छ की शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. उंच होता, बारक्याशी साम्य म्हणायचं तर तेवढंच. टकला, दाढीवाला, आपल्या सात पिढ्यांत न पाहिलेला माणूस. आणि एका बाजूला कलला होता, कारण डाव्या हातात पाने-पकडींची जड पिशवी होती. मी चौकीत जाऊन दाखवलं, त्यांनी त्याला उचललं, आणि त्याने पहिली मोटारही कबूल केली. त्याच दिवशी मी तुला व्हिडिओ पाठवला आणि खाली हे सगळं लिहिलं. तुझं उत्तर आलं, "वा! रात्रीचं काय क्लिअर दिसतंय आता. कॅमेरा चांगलाच निघाला." पुढे एक अंगठा. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, म्हटलं कामात असेल, मागाहून लिहील. शेवटी मीच फोन करून विचारलं, बारक्याचं काय? तू म्हणालास, "ते जाऊ दे आता. तसाही त्याचा काही भरवसा नाही. लांब आहे तेच बरं." त्या दिवशी फोन स्पीकरवर नव्हता, पण तुझा आवाज मोठा आहे. आईने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. बारक्या पाण्याच्या टोपात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत बसला होता. मी चोर सापडल्याचं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "दादा काय म्हणाला?" खोटं सांगायचं माझ्या मनात आलं होतं, पण तुझी बाजू सावरून सावरून मला आता कंटाळा आलाय. शब्द न शब्द सांगितला. बुडबुडे येत होते तिथे त्याने खडूने खूण केली, ती वाकडी आली, पुसून पुन्हा केली. मग म्हणाला, "चित्र चांगलं आलं ना, ताई? मग झालं." माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतः तोंड धुवायला आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

आता हे पत्र कशासाठी, तेवढं सांगते. काल आईने मला माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली. गॅरेजच्या मागच्या गल्लीत बारक्याने दोन खोल्या घेतल्या आहेत, तळमजल्यावर, पायरी नाही. उद्या सकाळी आम्ही दोघी तिकडे जातो आहोत, कायमच्या. दादाला एकदा विचारूया तरी, असं मी म्हटलं तर आई म्हणाली, "घर त्याच्या नावावर आहे, मी नाही." किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवते. कॅमेरा चालूच राहील, तो तुझा आहे. हे पत्र पोचेपर्यंत तू आम्हाला जाताना त्यात पाहिलंही असशील. आईला फोन करू नकोस, ती घेणार नाही. तिचा तुला निरोप आहे, तिच्याच शब्दांत लिहिते : "आधी धाकट्याच्या दारात उभा राहून त्याची माफी माग, मग मला आई म्हण." मी म्हटलं, आई, फार कडक होतंय गं. ती म्हणाली, "लिही."

अजून तरी तुझीच,
बहीण