कोळशाच्या डब्याले ऊन

मंगळवार, दिवेलागण

त्या डब्याचं अजून डोक्यातून जात नाही. सीमा, माही नातसून, वाशिमले दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे. पोटुशी आहे. पेशंटले झोपवाचा गॅस खोलीत पसरू नये म्हणून हा कोळशाचा डबा तो गॅस आपल्यात धरून ठेवते. भरून जड झाला की फेकाचा. पण नवीन येऊन नाही राह्यला, भरलेलाच लावतात, अन् हिचं डोकं रोज दुखते.

मी म्हटलं, "आण, पाहू दे तरी." काल आणला. ऊन द्याचं तिले सांगितलं नाही. ओल्या तुरीले देतोच ना आपण, हलकी व्हाले? आज गच्चीवर ठेवला, येणाऱ्या बाळाच्या दुपट्यांजवळ.

सीमानं पाह्यलं अन् उचललाच. "आजी, तापला की धरलेला गॅस सोडते हा."

मले काय मालूम? पण म्हटलं, "इथं मोकळ्या हवेत भेतं, अन् तिथं बंद खोलीत कायले उभी राह्यतं?"

तिनं माह्यासमोरच डॉक्टरले फोन केला. "नवीन डबा लागेपर्यंत मले वार्डात काम द्या." तो कुरकुरला, पण हो म्हणाला.

डबा पिशवीत बांधला, उद्या सीमा परत नेणार आहे. दुपटी मी पुन्हा धुतली. वास नव्हता, तरी धुतली.