होणाऱ्या सुनेची कॉफी

२ ऑक्टोबर
सकाळी निखिलचा फोन. व्हिएतनामला नोकरीला गेला, आता तिथलीच मुलगी करतोय म्हणे. नाव लान. दिवाळीनंतर दोघं येताहेत. "आई, तू काहीच बोलत नाहीस?" बोलायला ठेवलंयस काय, म्हटलं आणि फोन यांच्या हातात दिला. यांनी लगेच "अरे वा!" हे कशालाही अरे वा करतात.

५ ऑक्टो.
ही माणसं खातात-पितात काय ते तरी बघावं, म्हणून यांना घेऊन कोरेगाव पार्कातल्या व्हिएतनामी कॅफेत. बिबवेवाडीहून तासभर ट्रॅफिक. भिंतीवर शंकूसारख्या टोप्या, खाली लॅपटॉप उघडलेली आपलीच पोरं. कॉफी म्हणजे पेल्यावर पत्र्याची गाळणी, थेंब थेंब गळते. वेटरला म्हटलं, बिघडलीय का? "मॅम, हाच तर एक्स्पीरियन्स आहे." आमच्याकडे नळ असा गळला की प्लंबर बोलावतात. तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा थर. हे दोन पेले प्यायले.

१२ ऑक्टो.
आज औंध. पाटी 'स्ट्रीट फूड'ची; रस्त्यावरचं खायला लिफ्टने तिसरा मजला. बान्ह मी : कडक पाव, आत गाजर-मुळा आणि पनीर. टाळू सोलली. फो : नूडल्स, गरम पाणी, कोथिंबिरीची चार पानं. "छान आहे की," इति हे. माझ्या मुलाने जन्मभर हे गिळायचं. घरी येऊन वरण-भात लावला. जेवताना डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं का, यांनी विचारलं. वरणात कुठलं तिखट.

१४ नोव्हें.
आले. मुलगी बुटकी, अबोल. वाकून नमस्कार केला, निखिलने शिकवलेला, लगेच कळतं. इंग्रजी माझ्याइतकंच. माझ्यासाठी तिकडची कॉफी आणलीय. "हिचीच कमी होती घरात," मी मराठीत. निखिलने भाषांतर केलं नाही.

१६ नोव्हें.
निखिलची हौस. तिला त्याच कोरेगाव पार्कच्या कॅफेत नेलं. तिने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, टोप्यांकडे बघत राहिली. वेटर आलाच, "ऑथेंटिक आहे ना, मॅम?" ती गोड हसली, छान आहे म्हणाली. तो वळल्यावर माझ्याकडे झुकून हळूच, "नुसती साखर आहे. आणि टोपी उन्हात घालतात. भिंतीला कुठे ऊन लागतंय?"
तेच तर मी म्हणतेय, म्हटलं. निखिल फुगून बसला. यांना मात्र कॉफी आवडली. मुलीला नाक मुरडता येतं.

१८ नोव्हें.
मार्केट यार्डात तिने प्रत्येक पालेभाजी हुंगून नापास केली. घरी तांदळाच्या पातळ पापडात भाजी गुंडाळून रोल. आम्ही शाकाहारी म्हणून माशाचा सॉस घातला नाही. बिनमाशाचं तुझ्या आईला चालतं? विचारलं. "आई अमावास्या-पौर्णिमेला मांस-मासे काहीच खात नाही." हे निखिलने मला कधी सांगू नये. रोल अगदीच सपक. तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या वरणात गूळ जास्त असतो." हे खोकायला लागले. इतक्या वर्षांत माझ्या हाताला नाव ठेवायची हिंमत कुणी केली नव्हती. यांना तर चवच नाही.
वरण चाखून बघितलं. जास्तच होता.

२१ नोव्हें.
जेवताना लान सहज विचारते, आमच्या तिकडच्या नव्या घरात तुम्हाला कुठली खोली हवी? कुठलं नवं घर? निखिल ताटात बघतोय. तिकडे घर घेतलंय, परत यायचं नाही, हे केव्हाच ठरलंय. तिला वाटत होतं, मला माहीत आहे. "तू आईला सांगितलं नाहीस?" आणि मग त्यांच्या भाषेत बरंच काही. एक अक्षर कळलं नाही, पण मला हवं तेच बोलत होती. हा माझा मुलगा. तोंड उघडायला परक्या पोरीची गरज लागली.

२४ नोव्हें.
गेले. निखिल पाया पडला. त्याच्याशी बोलले नाही.
लान दारात थांबली. लग्न मार्चमध्ये, तिकडे. "तुम्ही याल? रस्त्यावर बसून खाऊ. आवडलं नाही तर तसं सांगा." बघू, म्हटलं.
संध्याकाळी यांनी कपाटातून आमचे दोघांचे पासपोर्ट काढले. मुदत संपलीय. उद्या पासपोर्ट ऑफिसात जाऊ या, म्हणाले. म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. मी अजून काही ठरवलेलं नाही. माझा पासपोर्ट मात्र त्यांच्या पिशवीत टाकून ठेवला.