दूध, अंडी, ब्रेड – सगळं एकाच गल्लीत

सोमवार, ३ तारीख

डोकं चालेनासं झालंय! गेल्या आठवड्यात आमच्या घरपोच किराणाच्या सेंटरमधले रॅक हलवून घेतले. जे सगळ्यात जास्त खपतं – दूध, अंडी, ब्रेड, बटाटे – ते पॅकिंगच्या टेबलांजवळ एकाच गल्लीत आणलं. म्हटलं, माल गोळा करणाऱ्या पोरींची पायपीट वाचेल, ऑनलाइन ऑर्डरी भराभर निघतील. झालं भलतंच. ऑर्डरी आधीपेक्षा उशिरा निघतायत! चालायचं कमी, वेळ जास्त. हे कुठलं गणित?

मोठे साहेब दारातच भेटले. "मॅडम, महिनाअखेर दुप्पट ऑर्डरी पेलता आल्या पाहिजेत. नाहीतर सुपरवायझर बदलावा लागेल." इतकं गोड बोलले, की ही धमकी आहे हे मला जिना चढल्यावर कळलं.

मंगळवार, ४

ढकलगाड्या वाढवल्या. आणखी वाईट!

गुरुवार, ६

पण दुप्पट कशाला? येतायत तेवढ्याच ऑर्डरी येतायत. साहेबांना विचारलं. "तुम्ही तयारी ठेवा, ऑर्डरी येतील." कुठून येतील? आभाळातून? नुसते हसले.

पोरींमधली सगळ्यात चपळ ती – तिला सगळे मोटार म्हणतात – आज माझ्यावर खेकसली. "ताई, पळू कुठून? पुढे गाड्या, मागे गाड्या! दुधापाशी नुसती ताटकळत उभी असते मी." मला तिचा राग आला, मग स्वतःचा. गल्ली रुंद करायची तर रॅक भिंतीला टेकलेत. काही म्हणजे काही सुचत नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले. घालवणार हे लोक मला.

शुक्रवार, ७

जेवताना नवऱ्यापुढे सगळं ओकले. तोही सुपरवायझरच – आमच्याच कंपनीच्या नदीपलीकडच्या सेंटरमध्ये. जागा छोटीशी, ऑर्डरी मात्र आमच्याएवढ्याच, आणि त्याचा भारी जीव त्या सेंटरवर. पोट धरून हसला! "अगं, सगळ्या लाडक्या वस्तू एका गल्लीत कोंबल्यास तर सगळे तिथेच येऊन आदळणार. दूध तीन ठिकाणी ठेव. अंडी पार दुसऱ्या टोकाला. चालू दे थोडं जास्त, अडकू नको देऊस. आमच्याकडे हेच करतो आम्ही."

एवढंच? एवढंच! मला कसं नाही सुचलं? त्याला म्हटलं, "फार शहाणा आहेस." कौतुकानेच म्हटलं.

मंगळवार, ११

चाललं! गाड्या कुठे अडत नाहीत. मोटार शिट्टी वाजवत फिरते. दुपारपर्यंत सगळ्या ऑर्डरी बाहेर, मग टेबलं रिकामी, पोरी गप्पा मारत बसलेल्या. नोकरी वाचली बहुतेक. तरी जिवाला चैन नाही. एवढी जागा रिकामी ठेवून ह्यांना करायचंय काय?

घरी नवऱ्याची कॉलर ताठ. "साहेबांना माझं नाव सांग हं!"

शुक्रवार, १४

साहेबांनी हात मिळवला. "अभिनंदन मॅडम. आता एक तारखेपासून नदीपलीकडच्या सगळ्या ऑर्डरी तुमच्याकडे. ते सेंटर बंद करतोय. माणसंही कमी करतोय तिथली. अजून कुणाला बोलू नका."

घरी आले. तो ओट्यापाशी बटाटे सोलत होता. "काय म्हणाले साहेब? खूश?"

मी हो म्हटलं.