थरथरी

४ फेब्रुवारी

तिसरं कोकरूही तसंच. जन्मल्यापासून अंगभर कापतंय, लोकरीच्या जागी राठ केस. आधीची दोन गेली, त्यांना सडच तोंडात धरता येईना.

सासरे म्हणाले, "हीपण जाणार. हात लावू नकोस."

लावला. डोकं घट्ट धरलं, सड तोंडात दिला. प्यायली!

९ फेब्रुवारी

पशुवैद्य बाई आल्या. विषाणू आहे म्हणाल्या — मेंढी गाभण असताना लागतो, कोकराला पोटातच पकडतो. औषध नाही. "याआधी असं झालं होतं?"

"कधीच नाही," सासरे म्हणाले. म्हणजे मी या घरात आल्यापासूनच, माझ्या पायगुणाने. लग्नाला सहा महिने झालेत माझ्या. बरं, असू दे.

बाईंनी बजावलंय, हिला गाभण मेंढ्यांपासून लांब ठेवा. चाऱ्याच्या खोलीत ठेवलीय. नाव थरथरी.

१० फेब्रुवारी

प्यायली. पडली. परत उभी केली.

२ मार्च

आठ पावलं चालली. सासरे दारातून बघत होते. मी मुद्दाम वळून पाहिलं नाही.

१९ मार्च

कापणं जवळजवळ थांबलं. बाईंनी परत येऊन रक्त नेलं. मी ऐटीत होते.

२६ मार्च

रक्तात विषाणू आहेच. जन्मभर राहणार. "दिसायला बरी, पण जाईल तिथे रोग वाटत फिरेल. इथे ठेवलीत तर पुढची सगळी कोकरं अशीच." हिला संपवा, असं बाईंना म्हणायचं होतं. मला कळलं.

सासऱ्यांचं वेगळंच. "आता कापत नाही ना? बाजारात काढू. कोणाला कळतंय?"

मी म्हटलं, विकायची नाही. ज्याच्या दारात जाईल, त्याच्या मेंढ्यांचं काय?

"घरात कोणाचं चालतं?"

"हिच्या बाबतीत माझं."

नवरा ताटातून मान वर करेना. न करो.

२७ मार्च

बाईंना मीच बोलावलं. थरथरी माझ्या मांडीवर होती, बोट चोखत. सुई टोचली तरी बोट सोडलं नाही.

रडले नाही. खोटं कशाला लिहू — रडले.

३० मार्च

सासरे आपणहून बाईंकडे जाऊन आले. गेल्या वर्षीही अशी दोन झाली होती. कापायची थांबल्यावर त्यांनी विकली. कोणाकोणाला, ते सांगून आले. आता त्या दोन्ही घरी जायचंय.

मला म्हणाले, "तू चल बरोबर. मला एकट्याला जमणार नाही."