रिकामा खिळा

नाशिक,
मंगळवार, दि. १९ ऑगस्ट २०२५

प्रिय नवनाथ,

सप्रेम नमस्कार. यातला नमस्कार पक्का आहे. 'सप्रेम' ठेवायचं की खोडायचं, ते पत्र संपल्यावर तू ठरव.

मी ठीक. गुडघे ठीक नाहीत. आईला ऐकू येईनासं झालंय, त्यामुळे आमचं हल्ली छान पटतं. धरणातून गोदेला पाणी सोडलंय. पात्रातला दुतोंड्या मारुती मांडीपर्यंत बुडाला आणि सगळं नाशिक मोबाइल घेऊन ते बघायला पुलावर उभं राहिलं. थोडक्यात, तू सोडून गेलास तसंच सगळं आहे.

आता एक राष्ट्रीय आपत्ती सांगते. या देशाने फाळणी सोसली, दुष्काळ सोसले, पण एका संकटाची नोंद कुठल्याही इतिहासकाराने अजून घेतलेली नाही. ते म्हणजे परीक्षकांचा सोफा. दहा तारखेच्या रविवारी इथल्या एका वाचक मंडळाच्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होते. परीक्षकाला खुर्ची देत नाहीत, सोफा देतात. तोही दोघांचा आणि त्यावर तिघं. लाल मखमली, लग्नाच्या हॉलमधला, गेल्या वीस वर्षांतल्या तमाम नवरानवरींनी मधोमध खोल केलेला. त्या खोलात मी. माझ्या उजवीकडे ढुंढिराज वकील, डावीकडे क्लासवाले यशोधन सर. मधे मी का? तर दोघांनाही मधे बसायचं होतं आणि दुसरा मधे बसलेला दोघांनाही चालणार नव्हता. 'तुम्ही बसा ना', 'छे छे, मान तुमचा' असं पाच मिनिटं चाललं. शेवटी संयोजक म्हणाले, "मॅडमना मधे घ्या, फोटोत शोभून दिसतं." मी बसले ती थेट तळाला गेले. गुडघे हनुवटीशी, टीपॉयवरचा गुणतक्ता क्षितिजावर. निकालाच्या वेळी दोघांनी दोन बाजूंनी ओढून मला वर काढलं. त्या दोघांचं त्या दिवशी एकमत झालं ते दोनदाच, त्यातली ही एक वेळ.

विषय होता, 'स्वतंत्र भारताच्या उभारणीत सर्वांत मोठा वाटा कोणाचा?' गुणांची विभागणी ऐक. विषयमांडणी पंचवीस, भाषा पंचवीस, देहबोली पंचवीस, देशप्रेम पंचवीस. मी एका मुलाला देशप्रेमाचे साडेसतरा दिले. उरलेले साडेसात त्याने कुठे ठेवले होते कोण जाणे.

पोरांवर माझा राग नाही. त्यांना घरून जे उतरवून दिलं होतं ते ती मुठी आवळून म्हणत होती. राग त्या सोफ्याच्या दोन टोकांवर आहे. पाचव्या भाषणाला ढुंढिराज माझ्या डोक्यावरून म्हणाले, "सरदार नसते तर आज हैदराबादला जायला व्हिसा लागला असता, व्हिसा!"

यशोधन सर माझ्या डोक्यावरून परत, "आणि पंडितजी नसते तर धरणं, कारखाने कोणी उभे केले असते? व्हिसा काढून करायला काय गेला असतात तिकडे, हवा खायला?"

"धरणं इंग्रजांनीही बांधली."

"मग इंग्रजांनाच द्या पहिला नंबर! शाल-नारळ मी आणतो."

समोर सातवीतली एक मुलगी बाबासाहेबांबद्दल बोलत होती. दोघांनीही ऐकलं नाही. दोघांनीही तिला देशप्रेमाचे अठरा दिले.

नवनाथ, तू या ढुंढिराजांना ओळखत नाहीस. ते सोसायटीचे चेअरमन आहेत. ए विंग आणि बी विंगच्या पार्किंगचं विलीनीकरण अकरा वर्षं त्यांच्या टेबलावर आहे. साडेपाचशेहून जास्त संस्थानं एका माणसाने कशी जोडली याचे गुण तेच देणार. यशोधन सर वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलतात आणि क्लासच्या दाराला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची बांधतात. ज्या माणसांनी तुरुंगात वर्षं काढली, एकमेकांशी कडकडून भांडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच टेबलावर येऊन कामाला बसली, त्यांचे नंबर लावायला आपल्याकडे नेहमी असेच मोकळे लोक सापडतात. स्वतः आयुष्यात एका माणसाशी जुळवून घेतलेलं नसतं. पण नेहरूंचं पटेलांशी किती जुळायला हवं होतं हे त्यांना बरोब्बर ठाऊक असतं.

(हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मधे चहा करून आले.)

अकरावा नंबर सृष्टी नावाच्या मुलीचा होता. नववी, सायखेडा. हो, तुझी शाळा. म्हणजे जी तुझी होती ती.

ती आली, माइक खाली ओढला आणि म्हणाली, "मी नंबर लावणार नाही. ज्याला लावायचाय त्याने आधी एकाला काढून दाखवावं. पटेलांनी संस्थानं जोडली, पण जोडलेल्या माणसाला मत कुठून मिळालं? संविधानातून. ते संविधान पहिल्या निवडणुकीपर्यंत कोणाच्या सरकारने नेलं? नेहरूंच्या. आणि खेड्यातल्या बाईला हे आपलं काम आहे असं पहिल्यांदा कोणी सांगितलं? गांधीजींनी. आता काढा कोणाला काढताय."

मग म्हणाली, "आमच्या शाळेत पूर्वी सात फोटो होते आणि खिळे आठ. दर सोमवारी सगळे फोटो एक-एक खिळा पुढे सरकायचे. म्हणजे मधे कोण, हा प्रश्न फक्त सात दिवसांचा असायचा. जो खिळा रिकामा राहील त्याच्या खाली आमच्यातल्या एकाने उभं राहायचं आणि शेजारच्या दोघांनी काय केलं ते सांगायचं. मी सहावीत असताना मौलाना आझाद आणि सरोजिनी नायडूंच्या मधे उभी होते. मला तेव्हा दोघांचंही काही माहीत नव्हतं. रविवारभर वाचलं."

मी त्या सोफ्यात आणखी खाली गेले.

ढुंढिराज म्हणाले, "भाषण चांगलंय, पण मुलीने बाजूच घेतली नाही." यशोधन सर म्हणाले, "विषय सोडून बोलली." बघ, एकमताची दुसरी वेळ. मी शंभरपैकी ब्याण्णव दिले, दोघांनी मिळून तिला उत्तेजनार्थावर आणलं. मी भांडले का? नाही. चार वाक्यं बोलले, पहिल्या तिन्हींवर ते हसले, चौथ्यावर मीही हसले. तुला माझी पद्धत माहीत आहे.

बाहेर चहाच्या टेबलाशी ती माझ्याकडे आली. मला वाटलं सही हवी असेल.

"मॅडम, तुमचा लेख आमच्या नोटीस बोर्डवर होता."

"कुठला गं?"

"फिरते राष्ट्रपुरुष. आमच्या शाळेवरचा."

मी विचारलं, संस्थेच्या अध्यक्षांनी लावला होता का?

"नाही, नवनाथ सरांनी. जायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, उपरोध कसा लिहितात ते बघा. एका वाक्याखाली लाल पेनाने रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "वाक्य चांगलं आहे. खरं नाही."

तर आता तिथे येते, जिथे तीन वर्षं आले नाही.

बावीस सालच्या ऑगस्टमध्ये तू फोन केला होतास. गावात मधल्या फोटोवरून दोन गट पडले होते, एक म्हणे सरदार मधे, एक म्हणे पंडितजी, आणि तू ही सरकती रांग काढलीस. तू हसत होतास. मी विचारलं, "आठवा खिळा कशाला रे?" तू म्हणालास, "अगं संजे, एक जागा मोकळी नसेल तर बाकीचे सरकणार कसे? एकाला खाली ठेवावं लागेल. यांच्यातल्या कोणाला मी जमिनीवर ठेवू?"

मला ते माहीत होतं. लेख लिहिताना तुझा आवाज कानात होता. आणि मी रविवारच्या सदरात लिहिलं, 'आठवा खिळा मुख्याध्यापकांनी स्वतःसाठी राखून ठेवला आहे. हाराची ऑर्डर तेवढी द्यायची बाकी आहे.'

कारण लेखाला शेवट हवा होता. दुसरं काही कारण नाही. शोधून पाहिलं, सापडत नाही. रविवारी सकाळपासून लोकांचे फोन, 'काय हाणलंय!' मंगळवारी तुझ्या अध्यक्षांनी तो लेख सभेत मोठ्याने वाचला आणि तुझी मुख्याध्यापकाची खुर्ची काढून संस्थेच्या नांदगावच्या शाखेत तुला साधा शिक्षक म्हणून धाडलं, हे मला आठवड्याच्या आत कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं की निमित्त माझं, कारण त्यांचं जुनंच असणार. तू फोन केला नाहीस, तर तू कामात असशील असं ठरवलं. तीन वर्षं तू कामात होतास! माझी ढुंढिराजांशी तुलना करायची असेल तर बिनधास्त कर. त्यांनी निदान कोणाची बदली केलेली नाही.

काल, सोमवारी, सायखेड्याला गेले. तिथल्या तुझ्या घरी गेले नाही, एवढी हिंमत अजून नाही. शाळेत गेले. पुंजाराम शिपाई अजून आहे. मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, "सभागृह बघायचंय."

"बघा की. तुमचीच किरपा हाय."

खिळे आठच आहेत. फोटोही आठ. मधोमध अध्यक्षांचे वडील! फेटा, मिशी, बाकीच्यांच्या दीडपट फ्रेम, प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार आणि वर लुकलुकणारा दिवा. एकीकडे सरदार, एकीकडे पंडितजी. ज्या दोघांवरून गाव भांडलं ते दोघं आता यांच्या शेजारी अंग चोरून उभे आहेत, आणि गाव गप्प आहे. हार घेणारा माणूस खरोखर होता, नवनाथ. मी फक्त दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

पुंजाराम म्हणाला, "सर व्हते तव्हा सोमवारी लय गलका असायचा. आता समदे जागच्या जागी. सरांनी माघारी यायला अर्ज केलाय, दोन वर्षं झाली. अध्यक्ष म्हणत्यात, सोताचा फोटू लावणारा मास्तर नको. तीन वर्षांनी सर रिटायर हुतील, म्हंजी मंग झालंच."

मी म्हटलं, "पुंजारामभाऊ, हातोडी आहे?"

"कशाला?"

"एक खिळा मारायचाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन हातोडी आणि स्टूल आणलं. खिळा मी मारला. पहिला वाकला, दुसरा आत गेला. रांगेच्या टोकाला, नववा. मग तो स्टुलावर, मी खाली, असं आम्ही टोकापासून एकेक सरकवत आणलं. एकही फोटो जमिनीला लागला नाही, हे तुला मुद्दाम सांगते. अध्यक्षांचे वडीलही सरकले. वजनदार आहेत, दिव्याची वायर पुरली नाही, म्हणून ते आता अंधारात आहेत. पहिला खिळा रिकामा राहिला. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा तीन-चार पोरं दारात येऊन उभी राहिली. सृष्टी त्यांच्यात होती. ती चालत आली आणि त्या खिळ्याखाली जाऊन उभी राहिली.

अध्यक्ष आज-उद्या तो खिळा उपटतील. उपटू देत. येत्या रविवारी छापून येणारा लेख सोबत जोडला आहे. तो उपटता येणार नाही. तुझं नाव पूर्ण आहे, शाळेचं गाव आहे, फोनवर तू काय म्हणाला होतास ते शब्दशः आहे आणि मला ते माहीत असून मी काय लिहिलं तेही आहे. छापील अंकाची एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने जाईल. लेखात एकही विनोद नाही. संपादक म्हणाले, "मॅडम, शेवट पडलाय." मी म्हटलं, पडू दे. शेवटची दोन वाक्यं माझी नाहीतच. जशीच्या तशी तुझी आहेत, फक्त काळ बदलला आहे.

वाक्य चांगलं होतं. खरं नव्हतं.

कॉलेजात वादविवादाला आपण जोडीने जायचो, तेव्हा दोन्ही बाजूंची भाषणं तूच लिहायचास आणि विरुद्ध बाजू मला द्यायचास, कारण टाळ्या तिला पडतात म्हणून. मी ती अजून सोडलेली नाही. आता सोडीन म्हणते.

उत्तर नाही आलं तरी चालेल. सोमवारी पुंजारामला फोन करून विचारत जाईन, कोण मधे आहे.

विरुद्ध बाजूची,
संजना